एसीएलचं ऑपरेशन झालंय? पुढचे नऊ महिने कसे काढायचे ते सांगते

माझा डावा गुडघा गेला तो बॅडमिंटनमध्ये. मनीष नगरला आमच्या सोसायटीत सिमेंटचा कोर्ट आहे, रात्रीचे साडेनऊ झाले होते, स्मॅश मारून खाली आले आणि पाय टेकता टेकता गुडघा आत वळला. कोणाचा धक्का नाही, घसरणं नाही, काहीच नाही. टक् असा आवाज आला तो नेटच्या पलीकडे उभ्या असलेल्या माझ्या जावेलाही ऐकू गेला. तासाभरात गुडघा नारळाएवढा झाला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं आणि आतल्या गादीला म्हणजे मेनिस्कसला बारीक चीर. ऑपरेशन झालं एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे नागपुरात ज्या दिवसांत शहाणा माणूस दुपारी खिडकीसुद्धा उघडत नाही त्या दिवसांत मी मांडीपासून पोटरीपर्यंत ब्रेस बांधून पडले होते.

मी डॉक्टर नाही, बँकेत काम करते. पण नऊ महिने हेच केलं, फिजिओला प्रश्न विचारून विचारून पकवलं, आणि आता ओळखीतलं कोणी ना कोणी दर महिन्याला फोन करून तेच तेच विचारतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. तुमच्या सर्जनने काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण तुमच्या गुडघ्याच्या आत काय केलंय ते त्यांनी बघितलंय, मी नाही.

ऑपरेशनच्या आधी

पहिली गोष्ट, घाई करू नका. गुडघा लॉक झाला असेल, म्हणजे गादीचा तुकडा अडकून पाय सरळच होत नसेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर लवकर करा म्हणतात. पण नुसतं एसीएल असेल तर आधी सूज उतरू द्यायची, गुडघा पूर्ण सरळ व्हायला पाहिजे, चाल नीट व्हायला पाहिजे, मगच टेबलावर जायचं. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं की नंतर तो आखडलेलाच राहायची भीती जास्त असते. मला साडेतीन आठवडे थांबवलं, तेवढ्यात मी रोज पाय सरळ करायचा आणि मांडी आवळायचा व्यायाम करून घेतला. नंतर त्याचा इतका फायदा झाला ना की विचारू नका.

दुसरं, हॉस्पिटलमधून निघताना तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या. नवीन लिगामेंट, म्हणजे ग्राफ्ट, कुठून घेतलं: मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगमधून, वाटीच्या खालच्या पट्ट्यातून की मांडीच्या पुढच्या क्वाड्रिसेप्समधून? गादीला टाके घातले की नुसती कापून साफ केली? आणि पायावर किती वजन टाकायचं, ब्रेस किती अंशांवर ठेवायचा? यातला दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. गादीला टाके असतील तर बहुतेक वेळा चार ते सहा आठवडे वजन कमी टाकायला सांगतात आणि ९० अंशांच्या पुढे वाकवू देत नाहीत. माझी गादी नुसती साफ केली होती म्हणून मला दुसऱ्या दिवसापासून वॉकर घेऊन पाय टेकवायला सांगितला. माझ्या बाजूच्या बेडवरच्या मुलाला, कबड्डी खेळायचा तो, गादीला टाके होते, आणि मी चालून राहिले बघून तोही वॉकर न घेता बाथरूमला निघाला होता! नर्सने जे झापलं त्याला. ऑपरेशनचं नाव एक असलं तरी दोन गुडघ्यांचं वेळापत्रक एक नसतं.

टेपचा नियम

आमच्या फिजिओताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, घरी शिवणकामाचा टेप आहे का? आईच्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये होता, पिवळा, पुढचे दोन सेंटीमीटर पुसट झालेला. रोज सकाळी उठल्याबरोबर, पलंगावरच, दोन्ही गुडघे वाटीच्या बरोबर मध्यावर मोजायचे आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाच्या बाजूला आकडा लिहायचा. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी माझा उजवा ३६ आणि डावा ४०.५ होता.

हा आकडा म्हणजे तुमचा खरा डॉक्टर. काल जे केलं ते गुडघ्याला झेपलं का, हे काल संध्याकाळी नाही कळत, आज सकाळी कळतं. व्यायाम करताना दहापैकी दोन-तीन दुखलं तर चालतं, पण रात्रभर ठणकलं किंवा सकाळी टेप एक सेंटीमीटर पुढे गेला तर काल जास्त झालं, आज निम्मं करा. टेप तिथेच आहे किंवा उतरतोय तर थोडं वाढवा. आठवडा कितवा चालू आहे यापेक्षा हे जास्त खरं. दोघांचं एकाच दिवशी ऑपरेशन होऊन एकाचा गुडघा सहाव्या आठवड्यात कोरडा असतो, दुसऱ्याचा दहाव्यात.

आणि सुजेला एवढं काय घाबरायचं? तर सांधा सुजलेला असला की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला जवळजवळ बंदच करून टाकतो, तुम्ही कितीही जोर लावा तो आवळतच नाही. स्नायू आवळला नाही की चाल बिघडते, चाल बिघडली की परत सूज.

पहिले दोन आठवडे: सरळ, सरळ आणि सरळ

घरी आल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "किती वाकतो गं आता?" सरळ किती होतो हे नऊ महिन्यांत एका माणसाने नाही विचारलं. आणि खरी गोम तिथेच आहे. वाकणं उशिरा का होईना येतं, पण सरळ व्हायचं राहिलं तर आत चट्टा धरतो आणि मग पाय कायमचा थोडा वाकलेला, चालताना लंगड, वाटीच्या मागे दुखणं, प्रसंगी परत दुर्बीण टाकून साफ करायची वेळ.

म्हणून गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही. फार बरं वाटतं उशी घेतली की, आणि सासूबाई मायेने आणून ठेवतातच, तरी नाही. उशी टाचेखाली. जाड टॉवेलची गुंडाळी करून टाच त्यावर ठेवायची, गुडघ्याखाली हवा राहिली पाहिजे, आणि दहा मिनिटं तसंच पडून राहायचं, दिवसातून चार वेळा तरी. मागून ताण येतो, शिव्या येतात तोंडात, येऊ द्या.

त्याच स्थितीत मांडीचा व्यायाम. गुडघ्याची मागची बाजू खाली दाबायची, मांडीचा पुढचा भाग दगडासारखा कडक करायचा, पाच ते दहा सेकंद, सोडायचा, असं दहा वेळा, जागे असाल तेवढ्या वेळात तासा-दोन तासाला एकदा. माझा स्नायू पहिले तीन दिवस हललाच नाही. मी जोर लावायची, कपाळावर घाम, आणि मांडी मस्तपैकी पसरलेल्या कणकेसारखी तशीच. आई बाजूला बसून वाटीच्या वर आतल्या बाजूला बोट ठेवून बघायची, तिथे थेंबाच्या आकाराचा स्नायू असतो. चौथ्या दिवशी दुपारी ती एकदम ओरडली, "हललं गं, माशासारखं हललं!" त्या दिवशी आमच्याकडे शिरा झाला. स्नायू जागाच होत नसेल तर फिजिओ त्यावर करंटचे पॅड लावून आवळायला मदत करतात, त्याचा उपयोग होतो.

मग पाय सरळ ठेवून वर उचलणं. पण एक अट, उचलताना गुडघा जरासुद्धा वाकायला नको. वाकत असेल तर ब्रेस लॉक करून उचला. घोटा वरखाली करत राहा, तासाला वीसेक वेळा, पोटरीत रक्त साकळू नये म्हणून. वाटी दोन बोटांत धरून हळूच वरखाली, डावीउजवीकडे सरकवायची, ती मोकळी राहिली पाहिजे. आणि वाकवणं म्हणाल तर टाच पलंगावर घासत हळूहळू जवळ आणायची, दोन आठवड्यांत ९० अंशांपर्यंत आलं की पुष्कळ झालं.

बर्फ पंधरा-वीस मिनिटं, मध्ये ओलं फडकं ठेवून, दिवसातून चार-पाच वेळा. बर्फाची पिशवी घेणार असाल तर घ्या, मी मटारचं पाकीट वापरलं, गुडघ्यावर छान बसतं, फक्त त्या पाकिटावर पेनने "गुडघा" लिहून ठेवा नाहीतर कोणीतरी मटार पुलाव करून टाकतं.

आता नागपूरच्या उन्हाळ्याचं. कूलर! बाहेर ४४-४५ डिग्री, कूलरशिवाय जगणं नाही, आणि कूलर म्हटला की टाकी भरताना पाणी सांडणारच. सहाव्या दिवशी आमच्या हॉलमध्ये फरशीवर हाताएवढं पाणी होतं, मला दिसलं नाही, वॉकरचा एक पाय त्यात गेला आणि घसरला. पडले नाही, दिवाण पकडला, पण डावा पाय खटकन टेकला आणि दुसऱ्या दिवशी टेप दीड सेंटीमीटर वर. डॉक्टरांनी तपासून ग्राफ्ट ठीक आहे सांगेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तेव्हा कूलरची टाकी तुम्ही झोपलेले असताना भरायची, खाली जुनी चादर टाकायची, पायपुसणी सगळी गुंडाळून माळ्यावर, आणि वॉकरच्या, कुबड्यांच्या खालचे रबर गुळगुळीत झाले असतील तर बदलायचे. ब्रेसच्या आत घामोळं येतं, आतून पातळ सुती स्टॉकिंग घाला आणि पडल्या पडल्या व्यायाम करताना, डॉक्टरांची परवानगी असेल तर, ब्रेस उघडा ठेवा.

संडास-बाथरूमचं आधीच बघून ठेवा. देशी संडास असेल तर खुर्चीवाला कमोड आणा, भाड्यानेही मिळतो. आंघोळीला प्लास्टिकची खुर्ची, टाके निघेपर्यंत म्हणजे साधारण दहा ते चौदा दिवस पट्टी कोरडी ठेवायची. जिन्याचा नियम सोपा, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आणि कुबडी आधी. कुबडीचं वजन तळहातावर, बगलेत नाही, बगल आणि कुबडीत दोन-तीन बोटं अंतर पाहिजे.

हे मात्र थांबून वाचा. पोटरी एकाच जागी दुखणं, कडक होणं, गरम लागणं, पायाची सूज अचानक वाढणं, किंवा दम लागणं, छातीत दुखणं: हे रक्ताची गुठळी असू शकते, रात्रीचे दोन असले तरी निघा. ताप, थंडी वाजणं, टाक्यांतून पू किंवा पाणी, गुडघा लालभडक: हे इन्फेक्शन, त्याच दिवशी सर्जनला फोन. "सकाळी बघू" नाही. उलट, नडगीच्या वर टाक्यांच्या बाजूला बधिर वाटणं हे पुष्कळांना होतं, कातडीची बारीक नस दुखावते त्याने. माझा दोन रुपयांच्या नाण्याएवढा भाग अजूनही बधिर आहे, काही बिघडत नाही.

दोन ते सहा आठवडे: चालायला शिका, खरंच शिका

कुबड्या कधी सोडायच्या? लंगडल्याशिवाय चालता येईल तेव्हा. दोन कुबड्यांनी नीट चालणं हे कुबडीशिवाय लंगडत चालण्यापेक्षा कधीही चांगलं, कारण लंगड एकदा अंगात बसली की काढायला महिने जातात. आरशासमोर चाला, नाहीतर कोणाला तरी मागून मोबाईलवर व्हिडिओ काढायला लावा. टाच आधी टेकली पाहिजे, टेकताना गुडघा सरळ, मग पंजा. मी कॉरिडॉरमध्ये रात्री जेवण झाल्यावर चालायची, "टाच, पंजा, टाच, पंजा" म्हणत, सोसायटीतली पोट्टी मागे मागे तसंच म्हणत फिरायची.

व्यायामात आता भिंतीला टेकून थोडंसं बसणं, ४५ ते ६० अंशांपर्यंतच, टाचा उचलणं, एका पायावर तोल, बाजूला पाय उचलणं. गुडघा १०५-११० अंश वाकायला लागला की घरातली किंवा जिमची उभी सायकल, सीट उंच ठेवून, आधी बिना लोडची. माझं पहिलं पूर्ण चक्र पाचव्या आठवड्यात फिरलं. सहा आठवड्यांपर्यंत १२० च्या आसपास वाकला आणि पूर्ण सरळ झाला तर गाडी रुळावर आहे समजा. चार-सहा आठवड्यांनंतरही पाय पूर्ण सरळ होत नसेल तर मात्र फिजिओकडेच चकरा मारत बसू नका, सर्जनला दाखवा.

ग्राफ्ट हॅमस्ट्रिंगमधून घेतला असेल तर मांडीच्या मागच्या बाजूला एखाद दिवशी एकदम कळ येते, चप्पल काढायला टाच मागे ओढली की खास. सहा-आठ आठवडे त्या स्नायूवर मुद्दाम जोर नको. वाटीच्या खालून घेतला असेल तर गुडघे टेकताना पुढे बरेच दिवस दुखतं.

फिजिओ निवडताना माझ्यासारखं करू नका. सुरुवातीला घराजवळ म्हणून एका क्लिनिकमध्ये गेले, तीन आठवडे रोज चाळीस मिनिटं, त्यातली पस्तीस मशीन लावून पडायची आणि पाच मिनिटं गुडघा वाकवायची. मशीन लावून बरं वाटतं, पण मशीनने मांडी भरत नाही. तुमच्याकडून घाम काढून घेत नसेल, दर आठवड्याला काही मोजत नसेल, अंश, घेर, किती वजन, तर बदला. पैशाचा प्रश्न असेल तर मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, फिजिओथेरपीचा विभाग आहे, गर्दी असते, पण एकदा नीट शिकून घ्या आणि घरी करा. आणि मालिशवाले! आमच्या एका नातेवाइकांनी "नस चढली आहे, एका झटक्यात बसवून देतो" असा माणूस थेट घरीच आणला होता. त्यांना चहा पाजला आणि दारापर्यंत सोडलं, पायाला हात लावू दिला नाही.

ऑफिसला मी चार आठवड्यांनी गेले. बसून काम असेल तर जमतं, पण टेबलाखाली पाय ठेवायला स्टूल मागून घ्या आणि अर्ध्या तासाने उठा. उज्ज्वल नगरवरून मेट्रोने सीताबर्डी, दोन्हीकडे लिफ्ट, त्यामुळे जिन्याची कटकट नाही. ऍक्टिव्हा मात्र आठ आठवड्यांनी, तीही डॉक्टरांना विचारून. गाडी चालवणं हा त्रास नाहीच, सिग्नलला पाय टेकून गाडी तोलणं हा आहे, आणि पार्किंगमध्ये मेन स्टँडवर चढवणं तर अजून तीन-चार महिने दुसऱ्याला सांगायचं. गिअरची गाडी आणि किक, नावच काढू नका.

सहा ते बारा आठवडे: बरं वाटायला लागतं, इथेच घोळ होतो

माझ्या मामांची काटोलला संत्र्याची बाग आहे. ते बघायला आले तेव्हा मी त्यांना ग्राफ्ट म्हणजे काय ते समजावून सांगत होते, तर म्हणाले, "म्हणजे कलमच ना. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतो तसं." अगदी तसंच आहे हो. स्नायूची दोरी काढून हाडाच्या बोगद्यात बसवली, ती बसवली त्या दिवशी मजबूत असते, पण तिला रक्तपुरवठा नसतो. मग शरीर तिला आतून मऊ करतं, तिच्यात नवीन रक्तवाहिन्या घालतं, हळूहळू तिचं लिगामेंट बनवतं. या मधल्या काळात, साधारण दीड ते तीन महिन्यांत, ती सगळ्यात नाजूक असते. आणि गंमत बघा, नेमकं याच वेळी दुखणं थांबतं, सूज उतरते, माणसाला वाटतं झालं आपलं. मामांचं म्हणणं, डोळा फुटून दोन पानं आली की नवीन माणूस आनंदाने फांदी हलवून बघतो, आणि तिथेच कलम निसटतं.

या सहा आठवड्यांत धावणं, उडी, एका पायावर गर्रकन वळणं, धावत जाऊन रिक्षा पकडणं, पावसात ओल्या गिट्टीवरून चालणं, सगळं बंद. जून-जुलैत पाऊस सुरू झाला की चपला सोडा आणि चांगल्या ग्रिपचे सँडल घ्या, बंद पट्ट्याचे. व्यायाम मात्र वाढवा: लेग प्रेस, स्टेपवर चढ-उतर, पाठीवर पडून कंबर पुलासारखी वर उचलणं, सायकलवर लोड. पायरी उतरताना आरशात बघा, गुडघा आत झुकतोय का, माझा झुकायचा, आणि त्याच सवयीने तर तुटलं होतं.

खाण्याचं इथेच सांगते, कारण याच काळात मांडी भरायला लागते किंवा लागत नाही. माझी डावी मांडी उजवीपेक्षा चार सेंटीमीटर बारीक झाली होती. आपलं जेवण पोळी-भाजी-भात, त्यात प्रोटीन कमी पडतं. मला वजनाच्या किलोमागे साधारण दीड ग्रॅम सांगितलं होतं, म्हणजे साठ किलोला नव्वद. एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, सोयाबीनच्या वड्या तीस ग्रॅम कोरड्या घेतल्या तर पंधरा, वाटीभर वरणात सहा-सात. हिशोब करा म्हणजे कळेल नुसत्या वरणाने होत नाही ते. सावजीचं चिकन चालतं, तर्री बाजूला काढून. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टर.

तीन ते सहा महिने: जिम, आणि मग धावणं

हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त लोक इथेच सोडतात. घरचे म्हणतात आता चालतेस ना नीट, कशाला जातेस रोज. आठवड्यातून तीन दिवस जड वजन, स्प्लिट स्क्वॉट, लेग प्रेस, लेग एक्स्टेन्शन फिजिओ सांगतील त्या कोनात, हॅमस्ट्रिंग, पोटरी. एक पाय वेगळा, दुसरा पाय वेगळा, नाहीतर चांगला पाय गुपचूप सगळं काम करून टाकतो आणि तुम्हाला वाटतं दोघं करून राहिले.

धावणं चौथ्या महिन्याच्या आसपास, तेही सूज नाही, पाय पूर्ण सरळ, आणि एका पायाची ताकद दुसऱ्याच्या सत्तर टक्के तरी झाली असेल तरच. एक मिनिट हळू धाव, दोन मिनिटं चाल, असं सहा-सात वेळा, एक दिवसाआड. सकाळी टेप ठीक तर पुढच्या वेळी वाढवा. आपल्याकडचे सिमेंटचे रस्ते टाळा, मातीचं मैदान किंवा ट्रॅक बघा.

पोळ्याला मला चार महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे आमच्या नागपूरची पुतळ्यांची मिरवणूक, आणि मी लहानपणापासून महाल भागात जाऊन पिवळी मारबत बघितलेली, त्या वर्षी घरी बसून फोनवर बघितली. गर्दीत मागून कोणी ढकललं की पाय कुठे पडेल हे आपल्या हातात नसतं. दसऱ्याला साडेपाच महिने झाले तेव्हा दीक्षाभूमीच्या बाजूने नुसतं चालून आले, तीन तास, दुसऱ्या दिवशी टेप जिथल्या तिथे. मग खरं बरं वाटलं.

सहा ते नऊ: उडी, वळण आणि जडेजा

कोणीतरी म्हणतंच, "अहो जडेजा तर पाच महिन्यांत खेळला!" खेळला की. सप्टेंबर २०२२ मध्ये उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जानेवारी २०२३ मध्ये सौराष्ट्राकडून रणजी खेळला, आणि फेब्रुवारीत आपल्या नागपूरच्या जामठा स्टेडियमवरच ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या डावात ४७ रन्समध्ये पाच विकेट काढून, सत्तर रन करून मॅन ऑफ द मॅच झाला. पण गुडघ्याचं ऑपरेशन या दोन शब्दांत दहा प्रकारची ऑपरेशनं बसतात, आणि त्याचा दिवसभराचा धंदाच तो, दिमतीला फिजिओ-ट्रेनर. आपण बँक सुटल्यावर सात वाजता जिमला जाणार, तेही महिनाअखेर नसेल तर.

२०१६ साली नॉर्वेतल्या खेळाडूंवरचा एक अभ्यास आला होता, त्यात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जेवढे महिने लांबवलं, तेवढं दर महिन्याला परत गुडघा दुखावायचं प्रमाण साधारण निम्म्याने कमी होत गेलं. मला तरी एवढं पुरे होतं.

या काळात आधी दोन्ही पायांनी छोटी उडी, आवाज न करता उतरायचं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना ऐकू आलं तर उडी चुकली. मग एका पायावर, मग बाजूला, मग धावत येऊन थांबणं, शेवटी वळणं. मैदानात उतरण्याआधी हॉप टेस्ट: पार्किंगमध्ये खडूची रेघ मारा, चांगल्या पायाने एक लांब लंगडी घालून दोन सेकंद स्थिर थांबा, मोजा, मग ऑपरेशनच्या पायाने. नव्वद टक्के तरी आलं पाहिजे. सातव्या महिन्यात माझं उजव्याने ११८ सेंटीमीटर आणि डाव्याने ८९, म्हणजे पंचाहत्तरच टक्के, आणि मला वाटत होतं मी एकदम फिट आहे! नुसत्या उडीवर जाऊ नका पण, कंबर आणि घोटा मिळून गुडघ्याची चोरी लपवतात, म्हणून फिजिओकडून मांडीची ताकदही मोजून घ्या. आणि भीती वाटणं यात कमीपणा नाही. भीती वाटत असेल तर माणूस अर्धवट पाय टाकतो, आणि अर्धवट पाय जास्त धोक्याचा. डोकं तयार नसेल तर अजून महिना घ्या.

मांडी घालून बसणं

हे इंटरनेटवरच्या परदेशी वेळापत्रकांत कुठेच नसतं, आणि आपल्याला पहिला प्रश्न तोच. पूजा, पंगत, भाजी निवडणं, सगळं खालीच. मला मांडी घालायला पाचव्या महिन्यात परवानगी मिळाली, पूर्ण उकिडवं बसायला सहाव्याच्या शेवटी, वज्रासन अजूनही टाळते. गादीला टाके असलेल्यांना याहून उशीर लागतो, विचारल्याशिवाय नको. बसताना धपकन नाही, भिंतीला किंवा पलंगाला हात, चांगल्या पायावर वजन, दुखरा पाय पुढे सरळ सोडून खाली टेकायचं आणि मग सावकाश दुमडायचा. उठताना त्याच्या उलट, आधी एका कुशीवर, हात जमिनीला, चांगला पाय खाली घेऊन उभं राहायचं, बसल्या जागी गुडघ्यावर गिरकी घेऊन नाही.

संक्रांतीला साडेआठ महिने झाले होते. एकीकडे हळदीकुंकवाला गेले तर ओळीने पाट मांडलेले, मी खुर्ची मागितली, सगळ्यांनी वळून बघितलं, एका आजींनी "एवढ्या लहान वयात?" म्हटलं. खुर्चीवर बसून तिळगूळ घेतला, वाण म्हणून प्लास्टिकची बरणी मिळाली. घरी येऊन बरणीत पिवळा टेप टाकून ठेवला, अजून दोन महिने लागणार होता.